दादासाठी बदललेली मोटर

माझ्या हेलिकॉप्टरला आमच्या घराण्यात कधी कोणी मान दिला नाही. नालवाडीच्या घरी बायको त्याला 'तो किडा' म्हणते. पन्नाशी ओलांडलेला माणूस दिवसभर सरकारी कचेरीत फायली सरकवतो आणि संध्याकाळी हॉलमधला पंखा बंद करून हातभर लांबीचं रिमोटचं हेलिकॉप्टर उडवतो, हे तिला अजून पटलेलं नाही. पाहुणे आले की ती ते कपाटावर ठेवते, वर टॉवेल टाकते. मी काही बोलत नाही. बोललो की भांडण होतं, आणि भांडणात माझा आवाज लगेच चढतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

मोठा भाऊ गावी, रोहण्याला असतो. मी त्याला दादा म्हणतो. बाबांच्या माघारी शेती त्यानंच केली, मी नोकरीला लागलो. उन्हाळ्यात त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की शेतात वखर नाही, डवरं नाही, ओझं नाही, पण चालायचं रोज. चाललं नाही तर पुन्हा इथंच यावं लागेल, हेही सांगितलं. जोडी हाकणारं घरात कोणी उरलं नाही म्हणून दादानं बैलजोडी विकली. एक पांढरा, एक तांबडा. बाजारात न्यायला त्याचा जीव होईना, कोणाच्या हाती लागतील याचा काय भरवसा. म्हणून गावातच, चार घरं सोडून राहणाऱ्या शेजाऱ्याला दिली. शेजारी चांगला माणूस, दादाच्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा सोबती. सगळ्यांना वाटलं, छान झालं, जोडी डोळ्यांसमोर राहील.

तेच नडलं. आमच्या घरातून बाहेर पडायची वाट त्या शेजाऱ्याच्या गोठ्यापुढूनच जाते. वावरात जा, देवळात जा, बस पकडायला फाट्यावर जा, पांढरा आणि तांबडा दिसणारच. दादानं बाहेर पडणंच सोडलं. ओसरीवरच्या खाटेवर बसून राहायचा. वहिनी सांगून थकली. मी दर शनिवारी जायचो, मीही सांगून थकलो. मी तर ओरडायचोही.

"पाय दुखते," दादा म्हणायचा.

"दुखते मन अन् नाव पायाचं," वहिनी आतून म्हणायची.

एका शनिवारी मी हेलिकॉप्टर पिशवीत घालून नेलं. म्हटलं, माणूस जरा हसेल तरी. अंगणात उडवलं. ते जेमतेम डोक्याइतकं वर गेलं, तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि त्याला उचलून गोठ्याच्या टिनावर आपटलं. दादा हसला. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा हसला, पोट धरून हसला, टाके दुखले म्हणून 'अर्र बाप्पा' म्हणत हसला.

"हे तं मच्छर हाय बे! घरात उडते अन् अंगणात मरते."

"मोटर लहान आहे त्याची," मी म्हणालो. मला राग आला होता.

"मंग मोठी लाव. वावरात उडवून दाखव, मी येतो पाह्यले."

"येशील?"

"हौ, येईन."

वहिनीनं आतून डोकं बाहेर काढून माझ्याकडं पाहिलं. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. त्या दिवसापासून ते हेलिकॉप्टर माझा छंद राहिलं नाही. ते वावरात उडालं तर दादा चालणार होता, नाही उडालं तर खाटेवर बसणार होता. एवढं सरळ होतं ते.

आधीची मोटर ब्रशवाली होती. म्हणजे आत धातूचे बारीक तुकडे फिरत्या भागाला घासत राहतात आणि घासत घासत वीज पोचवतात. घरचा मिक्सर म्हातारा झाला की ठिणग्या दिसतात, जळका वास येतो, तो या घासण्याचाच. ब्रशलेस मोटरमध्ये घासणं नाही. तारांची वेटोळी जागेवर बसलेली, चुंबकं लावलेली वाटी त्यांच्याभोवती फिरते, आणि एक छोटा कंट्रोलर तीन तारांतून आळीपाळीनं वीज सोडून तिला फिरवतो. ताकद कितीतरी जास्त आणि झीज जवळपास नाही. मी मोटर मागवली, कंट्रोलर मागवला, दमदार बॅटरी मागवली. कुरिअर नालवाडीला आलं. बायकोनं पुडकं हातात देत विचारलं, "किड्याचं औषध का?"

काम मात्र मी रोहण्यालाच करायचं ठरवलं. दादाच्या डोळ्यांसमोर. रिकाम्या गोठ्यात टेबल टाकलं, वायर ओढून बल्ब लावला, सोल्डरिंगची सळई तापवली. पहिला दिवस दादा खाटेवरूनच पाहत राहिला. दुसऱ्या शनिवारी खुर्ची घेऊन गोठ्यात आला. ओसरी ते गोठा एवढं तरी चालला. मी मुद्दाम पाण्याचा तांब्या ओसरीवर विसरायचो आणि त्याला आणायला लावायचो. पंधरा-वीस पावलं का होईना.

जुनी मोटर निघाली, नवी बसेना. तिला बसायला ॲल्युमिनियमची पट्टी कापावी लागली. मोटरचं लहान चाक आणि पंख्याच्या दांड्यावरचं मोठं दातेरी चाक यांच्यात अगदी केसाएवढी फट लागते. जवळ गेली तर दाते खातात, लांब गेली तर निसटतात. मी दोन्हींमध्ये वर्तमानपत्राचा कागद अडकवून स्क्रू आवळले आणि मग कागद ओढून काढला. पहिल्यांदा चालू केली तर उलटी फिरली. दादाला वाटलं, संपलं सगळं. तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली, सुलटी फिरली.

"एवढंच?" दादा म्हणाला.

"एवढंच."

"मानसाईचं असं असतं तं बरं झालं असतं."

हेलिकॉप्टर अंगणात नेलं. रिमोटवरचा वेगाचा थ्रॉटल वर केला आणि जो आवाज निघाला! जुन्या मोटरची नुसती गुणगुण होती. ही किंचाळायची. वहिनी पीठ मळायचं सोडून दारात आली. हेलिकॉप्टर जमिनीवरून सुटलं ते भिंगरीसारखं जागच्या जागी गरगर फिरायला लागलं, आणि तुळशीच्या ओट्याला धडकून आडवं झालं. पंख्याचं एक पातं तुटलं.

कारण मला लगेच कळलं होतं. वरचा पंखा एकीकडं फिरला की अंग उलटीकडं फिरू पाहतं. त्याला शेपटीवरची छोटी पंखी धरून ठेवते. आता वरची मोटर दांडगी झाली आणि शेपटीची तीच जुनी अशक्त राहिली. मी हे सांगायला तोंड उघडतो तोच दादा सुरू.

"जोडीत एक तेज अन् एक मुर्दाड असला का डवरं वाकडंच जाते."

"माहीत आहे मले."

"शेपटीले गोटा बांध. वजन आलं का फिरनार नाई."

"दादा, गोट्यानं नाही जमत ते."

"बांधून तं पाय!"

नवं पातं चढवून बांधला. आपल्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा सुतळीला गाठ मारणं सोपं. हेलिकॉप्टर शेपटीवर बसलं, नाक आभाळाकडं करून, आणि उठायचं नाव घेईना. दादा पुन्हा हसला. या खेपेला मीही हसलो. फजिती त्याच्याच गोट्याची होती, म्हणून मला राग आला नाही.

शेपटीलाही छोटी ब्रशलेस मोटर लावायची ठरली. त्यात दोन आठवडे गेले, पाऊस लागून राहिला, एसटी वेळेवर येईना. पण लागली. श्रावणाच्या शेवटी एका उघडीप पडलेल्या दुपारी ते अंगणात उभं राहिलं. उभं म्हणजे हवेत, छातीच्या उंचीवर, इकडचं तिकडं न होता. वारा होता. तुरीची झाडं हलत होती मागच्या कुंपणापलीकडं, आणि हे हलत नव्हतं. मी रिमोटवरून मान न उचलता म्हणालो, "चाल दादा, वावरात."

दादा जागचा उठला नाही. मी हेलिकॉप्टर उतरवलं.

"चाल ना. तू म्हणला होता."

"म्हणलो होतो."

"मंग?"

"पोळा होऊन जाऊ दे."

"पोळ्याचा अन् याचा काय संबंध? काऊन पाय मागे घेऊन राह्यला? मी आठवड्याला बसनं हाडं खिळखिळी करून येतो, बोटं भाजून घेतली, अन् तुले चार घरं ओलांडून होत नाही?"

माझा आवाज वर गेला होता. दादा उठला आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजला. वहिनी बाहेर आली. ओरडली नाही, हळूच म्हणाली, "पोळ्याले शेजारी जोडी घेऊन येनार हाय आपल्या दारी. मानाचं म्हणून. ह्याईनं सांगून ठेवलं, दार लावून घेजो म्हने. तुमी वावरात न्यायच्या गोष्टी करता, हे तं पोळ्याच्या दिवशी दार उघडाले तयार नाई."

दारी आलेले बैल पोळ्याला परत पाठवायचे, असं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं. बैलांचे पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणपोळी चारायची, मग माणसांनी जेवायचं. ते दार लावलं की दादा कायमचाच आत राहील, अशी मला भीती वाटली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी रजा टाकून गेलो. आमच्याकडं त्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले असतात, त्यावर लोणी आणि हळद चोळतात, आणि उद्या जेवायला या म्हणून बैलांनाच आवतण देतात. वहिनीनं सवयीनं लोणी-हळदीची वाटी करून ठेवली. करून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. वाटी तशीच कोनाड्यात ठेवून ती चुलीपुढं जाऊन बसली, पदर डोळ्यांना लावून.

थोड्या वेळानं वाटी जागेवर नव्हती. मी गोठ्यात गेलो तर दादा माझ्या टेबलापुढं उभा. बोटानं लोणी घेऊन हेलिकॉप्टरला चोळत होता. वरच्या पंख्याची पाती जिथं दांड्याला जोडतात त्या दोन्ही बाजूंना, अगदी नेमानं, दाबून दाबून. हळद माखली होती सगळीकडं. सांधे, दांडा, दातेरी चाक, मोटरच्या फटी.

"दादा! काय करून राह्यला?"

"खांदे शेकून राह्यलो," तो म्हणाला. "यानं बी वाह्यलंच ना वजन."

माझ्या डोक्यात मोटर, तिच्यातली चुंबकं आणि त्यांत वितळून जाणारं लोणी फिरत होतं. दुसरा कोणी असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. दादानं वाटीच्या कडेला बोट पुसलं आणि हेलिकॉप्टरकडं पाहून खालच्या आवाजात म्हणाला, "उद्या जेवाले येजो." मग माझ्याकडं वळून, "अन् तू, उद्या याले उडवजो नोको. पोळ्याच्या दिवशी कामाचं जनावर जुपत नाई."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलाशी बसलो, पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून लोणी काढत. निम्मं आत गेलेलं. चाकाच्या दातांतून हळद निघता निघेना. मला एकच चिंता, मोटर जळाली तर नाही? शेजारी बैल घेऊन संध्याकाळी येणार असं मी धरून चाललो होतो. दादा आत दार लावून बसला होता, वहिनीचं पुरण शिजत होतं. म्हटलं, मिनिटभर उडवून पाहू, कोणाला कळतंय.

कळणारच होतं. ती मोटर किंचाळते हे मीच कौतुकानं सगळ्यांना सांगत फिरत होतो. हेलिकॉप्टर उठलं, छान उठलं, लोण्यानं त्याचं काही बिघडलं नव्हतं. मी खुशीत त्याला गोठ्याच्या टिनाच्या वर नेलं, कुंपणाच्या वर. आणि कुंपणापलीकडच्या गल्लीतून घुंगरांचा आवाज आला. शेजारी जोडी सजवून लवकरच निघाला होता, आधी आमच्या दारी आणून मग मैदानावरच्या तोरणाखाली न्यायची म्हणून. बैलांच्या डोक्यावर ते किंचाळणारं काहीतरी. तांबडा जागीच थरारला. पांढऱ्यानं मान झटकली, शेजाऱ्याच्या हातातला कासरा सुटला आणि पांढरा उधळला.

"धरा! धरा!" गल्लीत ओरडा झाला.

मी थ्रॉटल एकदम शून्यावर ओढला. अलगद उतरवायला वेळच नव्हता, आवाज आधी बंद करायचा होता. हेलिकॉप्टर दगडासारखं पडलं, न्हाणीच्या फरशीवर. पाती, शेपटी, नवी पट्टी, सगळं उडालं. मी तिकडं पाहिलंही नाही. कारण पांढरा आमच्या फाटकातून आत आला होता. अंगावर झूल, शिंगांना बेगड, डोळे पांढरे झालेले, पायात कासरा अडकतोय. तो माझ्या अंगावरून जाऊन थेट गोठ्यात शिरला, टेबल उलथं पाडलं, आणि आपल्या जुन्या जागेवर, गव्हाणीपाशी जाऊन उभा राहिला. नाकपुड्या फुगवून धापा टाकत.

घराची कडी वाजली. दादा बाहेर आला, बनियनवर, अनवाणी.

"माय वं! जाऊ नका, तुमच्या छातीले काई झालं तं!" वहिनी ओरडली.

दादानं ऐकलंच नाही. गोठ्यात गेला. "हो... हो रे बाप्पा... हो..." एवढंच म्हणत गेला. पांढऱ्यानं कान वळवले. दादानं वशिंडावर हात ठेवला, मग मानेखाली, मग पायातला कासरा सोडवला. पांढऱ्यानं मान त्याच्या काखेत घातली. दादा त्याच्या मानेवर कपाळ टेकून रडला. मोठ्यानं रडला, लेकरासारखा. मी, वहिनी, तांबड्याला धरून धापा टाकत आलेला शेजारी, आम्ही तिघं अंगणात उभे होतो आणि कोणाला कुठं पाहावं सुचत नव्हतं.

शेजारी शेवटी म्हणाला, "गड्या, तूच चाल ना घेऊन त्याले. आजच्या दिवस राहू दे तुह्याच हाती. मी आपला तांबड्याले धरतो."

दादानं बाहीनं तोंड पुसायला हात उचलला, बनियनला बाही नव्हती. वहिनीनं पदर पुढं केला. मग तिनं पाणी आणलं, दोन्ही बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी चारली. पांढऱ्यानं तिचा हातही चाटून घेतला. दादानं अंगात सदरा घातला, झूल सारखी केली, कासरा हातात घेतला. फाटकाशी थांबून त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"बंद केली का मशीन?"

"मेली," मी म्हणालो.

"सांगून ठेवलं होतं ना तुले. पोळ्याच्या दिवशी कोनी जुपते का बे?"

मी मान खाली घातली. आणि दादा चालायला लागला. गल्लीतून, शेजाऱ्याच्या रिकाम्या गोठ्यापुढून, चावडीवरून, देवळापुढच्या मैदानापर्यंत. सावकाश, पण न थांबता. मी मागून जात होतो, दम लागला तर धरायला. लोक दारातून 'या दादा, या' म्हणत होते. तोरणाखाली गावच्या जोड्यांच्या रांगेत तो पांढऱ्याला घेऊन उभा राहिला, शेजारी तांबड्याला घेऊन. ओरडा झाला, तोरण तुटलं, जोड्या निघाल्या.

मैदानाच्या टोकाला आमच्या गल्लीची वाट एका बाजूला आणि घरोघरी बैल फिरवायची वाट दुसऱ्या बाजूला. तिथं दादा थांबला. त्यानं कासरा शेजाऱ्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटवली. पांढरा हलेना. मान वळवून दादाकडंच पाहत राहिला. दादानं त्याच्या पुठ्ठ्यावर जोरात थाप मारली.

"जाय! तुहं घर त्याच्याकडे हाय आता. जाय म्हनतो ना!"

पांढरा दोन पावलं गेला, मग तांबड्याच्या जोडीनं चालू लागला. दादा वळला. त्यानं मागं पाहिलं नाही. परतताना आम्ही शेजाऱ्याच्या गोठ्यापुढूनच आलो, आणि दादानं त्या गोठ्याकडं सरळ पाहिलं. रस्त्यात मला म्हणाला, "उद्या सकाळी चाल वावरात. ते मच्छर नसलं तरी चालते."

वहिनी दारात वाट पाहत उभी होती. तिनं आधी त्याच्या छातीकडं पाहिलं, मग त्याच्या रिकाम्या हाताकडं.

"देऊन आले?" तिनं विचारलं.

"उन्हाळ्यात विकले होते नुसते," दादा पायरीवर बसत म्हणाला. "दिले आज."